शातो गायार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शातो गायार नेमका आहे कुठे?

फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात, पॅरिसच्या वायव्येला साधारण शंभर किलोमीटरवर. सीन नदी इथे एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, उजव्या काठावर, पांढऱ्या चुनखडीचा उभा कडा आहे आणि किल्ला त्या कड्यावर बसलाय. नदीपासूनची उंची जवळजवळ 90 मीटर. पायथ्याला लेझांदली नावाचं छोटं गाव आहे. खरं तर ती दोन गावं. मागे जुनं थोरलं आंदली आणि नदीकाठचं धाकटं आंदली. धाकटं गाव किल्ल्याबरोबरच वसवलेलं, त्यामुळे दोघांचं वय एकच.

शातो म्हणजे राजवाडा ना? मग हे नुसते पडके बुरुज का?

हा प्रश्न नेहमी येतो आणि त्यात विचारणाऱ्याची काही चूक नाही. फ्रेंचमध्ये 'शातो' हा एकच शब्द लढाऊ किल्ल्यालाही चालतो आणि लुआर नदीकाठच्या बागा-कारंज्यांच्या महालांनाही. ते महाल मुख्यतः पंधराव्या-सोळाव्या शतकातले आणि पुढचे. शातो गायार बाराव्या शतकाच्या अखेरीचा, आणि तो सुखानं राहण्यासाठी बांधलेलाच नव्हता. झुंबरं आणि आरसे बघायचे असतील तर इथे येऊन निराशा होईल. तटबंदी, खंदक, जंग्या (भिंतीतली मारा करायची भोकं) या शब्दांनी ज्यांचे कान टवकारतात, त्यांनी मात्र चुकवू नये.

नावाचा अर्थ काय?

'गायार' म्हणजे धट्टाकट्टा, रगेल, थोडा आगाऊ. 'दांडगा किल्ला' म्हटलं तर फार चूक होणार नाही. हे लोकांच्या तोंडचं नाव. त्या काळच्या लॅटिन कागदपत्रांत त्याचा उल्लेख 'खडकावरचा सुंदर किल्ला' असा येतो. सरकारी नाव मागे पडलं, रांगडं नाव टिकलं.

बांधला कोणी? फ्रेंचांनी की इंग्रजांनी?

इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, ज्याला 'सिंहहृदयी' म्हणतात, त्याने. 1196 ते 1198 या काळात. पण 'इंग्रज' हा शब्द इथे जपून वापरायला हवा. रिचर्ड इंग्लंडचा राजा होता तसाच नॉर्मंडीचा ड्यूकही होता, आणि पश्चिम फ्रान्सचा मोठा मुलूख त्याच्याकडे होता. त्याची भाषा फ्रेंच, त्याचा बराचसा जन्म फ्रान्सच्या भूमीवर गेला. दहा वर्षांच्या कारकिर्दीत तो इंग्लंडात जेमतेम सहा महिने राहिला. या फ्रान्समधल्या मुलखापुरता तो कायद्याने फ्रान्सच्या राजाचा मांडलिक, आणि प्रत्यक्षात त्याच्याइतकाच किंवा त्याहून ताकदवान. सगळ्या भांडणाचं मूळ हेच.

पण इथेच का बांधला?

त्यासाठी दोन-तीन वर्षं मागे जावं लागतं. तिसऱ्या धर्मयुद्धाहून, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिश्चनांनी मुस्लिमांशी केलेल्या युद्धाहून परतताना, डिसेंबर 1192 मध्ये, रिचर्डला ऑस्ट्रियाच्या ड्यूकने पकडलं आणि पुढे जर्मन सम्राटाच्या हवाली केलं. खंडणी ठरली दीड लाख मार्क. फेब्रुवारी 1194 मध्ये तो सुटला, पण तोवर फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप, म्हणजे फिलिप ऑगस्टस, याने संधी साधली होती. नॉर्मंडीच्या सीमेवरचा जिझोरचा बलाढ्य किल्ला त्याने 1193 मध्ये गिळला. 1196 च्या जानेवारीत तह झाला, आणि रिचर्डला व्हेक्सँ नावाच्या सीमाभागातली ही ठाणी सोडून द्यावी लागली.

याचा परिणाम नकाशावर बघितला की कळतो. पॅरिसहून सीनच्या काठाकाठाने खाली आलं की नॉर्मंडीची राजधानी रूआँ लागते. मधली कुलुपं गेली होती, वाट उघडी पडली होती. लेझांदलीचा कडा बरोबर या वाटेवर. जो हा कडा धरेल तो नदी धरेल. शिवाय रिचर्डला नुसता बचाव करायचा नव्हता. गेलेलं व्हेक्सँ परत घ्यायला त्याला पुढचा तळ हवा होता.

गंमत अशी की त्याच तहात एक कलम होतं: आंदलीला कोणीही तटबंदी करायची नाही. सहीची शाई वाळते न वाळते तोच रिचर्डने काम सुरू केलं.

जागा तरी त्याची होती का?

नाही! जागा रूआँच्या आर्चबिशपची, गोतिए द कुतांस याची. आंदली हे त्याच्या उत्पन्नाचं चांगलं ठाणं होतं, कारण नदीवरून जाणाऱ्या मालावर तिथे जकात घेतली जायची. रिचर्डने विकत मागितलं, आर्चबिशपने नकार दिला, रिचर्डने बांधायला घेतलं. मग आर्चबिशपने आपलं शस्त्र काढलं. संपूर्ण नॉर्मंडीत धर्मविधींवर बंदी! चर्च बंद, दफनविधी बंद. त्या काळचा एक बखरकार लिहितो की नॉर्मंडीच्या शहरांतून रस्त्यांवर प्रेतं तशीच पडून होती. आर्चबिशप स्वतः तक्रार घेऊन रोमला गेला.

पोप तिसरा सेलेस्तिन याने व्यवहारी भूमिका घेतली: राजाला संरक्षणासाठी जागा हवी, तर आर्चबिशपला मोबदला मिळावा. 1197 मध्ये बंदी उठली आणि ऑक्टोबरमध्ये करार झाला. आंदलीच्या बदल्यात आर्चबिशपला दिएपचं बंदर, लूव्हिए, रूआँमधल्या गिरण्या आणि आलिएर्मोंचं जंगल असं बरंच काही मिळालं. हिशेब मांडला तर आर्चबिशप फायद्यातच राहिला असं माझं मत आहे. बांधकाम मात्र या सगळ्या काळात एक दिवसही थांबलं नव्हतं.

बांधकामावर रक्ताचा पाऊस पडला होता म्हणतात, ते काय?

विल्यम ऑफ न्यूबर्ग नावाच्या इंग्लिश बखरकाराने ही गोष्ट लिहून ठेवलीय. रिचर्ड काम बघायला आलेला असताना पावसात रक्त मिसळून पडलं, सगळे हादरले, पण राजा जागचा हलला नाही. स्वर्गातून देवदूत येऊन थांब म्हणाला असता तरी तो ऐकला नसता, असा त्या बखरकाराचा शेरा आहे. खरं काय पडलं कुणास ठाऊक. लांबून आलेली तांबडी धूळ पावसातून पडते, तसं काही असेल. मला त्या पावसापेक्षा शेरा महत्त्वाचा वाटतो, कारण रिचर्ड या कामाने किती झपाटला होता हे त्यातून दिसतं.

खर्च किती आला? आणि दोन वर्षांत असा किल्ला उभा राहतो?

साधारण 12,000 पौंड. आजच्या पैशात सांगा, असं लोक म्हणतात, पण ते गणित फसवं असतं. त्यापेक्षा ही तुलना बरी: इंग्लंडमधल्या सगळ्या किल्ल्यांवर मिळून रिचर्डने अख्ख्या कारकिर्दीत सुमारे 7,000 पौंड घातले. म्हणजे तिकडच्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा हा एकटा महाग.

त्या काळी दगडी किल्ल्याला दहा-दहा वर्षं सहज लागत. इथे घाई होती आणि पैशाची तोटी पूर्ण उघडी होती. नॉर्मंडीच्या खजिन्याची 1198 सालची हिशेबाची गुंडाळी अजून शिल्लक आहे. तिच्यात खाणकामगार, पाथरवट, सुतार, लोहार, हमाल, पाणके अशा सगळ्यांच्या नावे पैसे पडलेत. मुख्य गवंड्याचं, म्हणजे आराखडा करणाऱ्या उस्तादाचं नाव मात्र कुठेच नाही. म्हणून अनेक अभ्यासकांना वाटतं की आराखडा राजाच्याच डोक्यातून आला असावा. पुरावा आडवळणाचा आहे, पण किल्ला बघताना ते पटतं. एखाद्या समितीने बांधलेली वास्तू अशी हट्टी दिसत नाही.

किल्ल्याची रचना सोप्या शब्दांत सांगाल?

कड्याचं नाक नदीकडे गेलंय अशी कल्पना करा. तीन बाजूंना उतार किंवा सरळ तुटलेले कडे. फक्त आग्नेयेला एक चिंचोळी मान आहे, तिने हा कडा मागच्या पठाराला जोडलाय. शत्रू आला तर त्या मानेवरूनच येणार, म्हणून सगळी रचना त्या दिशेला तोंड करून.

मानेच्या समोर पहिला भाग, आपण त्याला पडकोट म्हणू. आकार त्रिकोणी, टोक शत्रूकडे आणि टोकावर सगळ्यात जाडजूड बुरुज. हा पडकोट मुख्य किल्ल्यापासून सुटा आहे, मध्ये खडकात खोदलेला खोल खंदक. पडकोट पडला तरी शत्रूच्या हाती फक्त पडकोटच लागावा हा हेतू. खंदक ओलांडला की मधला कोट, त्याला बुरुज, आत विहीर आणि इमारती. मधल्या कोटाच्या पोटात, पुन्हा खंदकाने वेगळा केलेला, आतला कोट. आणि आतल्या कोटात कड्याच्या बाजूला चिकटून मुख्य बुरुज, ज्याला फ्रेंच लोक 'दोंजों' म्हणतात. मराठीत बालेकिल्ला म्हणायचा मोह होतो, पण बालेकिल्ला हा आख्खा भाग असतो आणि दोंजों ही एकच उभी इमारत. इथे आतला कोट हाच बालेकिल्ला धरा आणि दोंजों त्यातला शेवटचा आसरा.

फोटोत एक भिंत नागमोडी दिसते. ती पडझडीमुळे तशी झालीय का?

नाही, ती तशीच बांधलीय, आणि माझ्या मते सबंध किल्ल्यातली सगळ्यात देखणी गोष्ट तीच. आतल्या कोटाला सुटे बुरुज नाहीत. त्याऐवजी भिंतच अर्धगोल फुगवट्यांची, एकाला एक लागून सुमारे दीड डझन फुगवटे. जणू बुरुजांची माळ करून तिचीच भिंत केली.

कारण साधं आहे. सरळ भिंतीवर यंत्राने फेकलेला दगड सपाट बसतो आणि सगळा मार भिंत खाते. गोलाईवर तोच दगड तिरका लागून घसरतो. दुसरं म्हणजे, सरळ भिंतीच्या पायाशी शत्रू एकदा चिकटला की वरून तो नीट दिसत नाही. फुगवट्यांतल्या जंग्यांतून शेजारच्या फुगवट्याच्या पायथ्यावर तिरका मारा करता येतो. युरोपात तेव्हा असं फारसं कुणी केलेलं नव्हतं, नंतरही कुणी फारशी नक्कल केली नाही. दगड घडवायला हे काम किचकट आणि खर्चिक, हे त्यामागचं एक कारण असावं.

आणि मुख्य बुरुजात काय विशेष?

आतून तो गोल आहे, व्यास साधारण 8 मीटर. बाहेरून मात्र ज्या बाजूने हल्ला येऊ शकतो तिकडे त्याला जहाजाच्या नाळेसारखं टोक काढलंय. गोल भिंतीवर जाड चोच बसवल्यासारखं. तळाला भिंत पसरट उतरती केलीय. त्यामुळे पाया जाड होतो, आणि वरून टाकलेला दगड त्या उतारावर आपटून थेट समोरच्या माणसांच्या अंगावर उसळतो.

याहून नवलाची गोष्ट वरच्या भागात होती. भिंतीला उलटे आधार काढलेत, खाली निमुळते आणि वर रुंद होत जाणारे. त्यांच्यावर कमानी टेकवून वरचा कठडा भिंतीच्या पुढे आणलेला, म्हणजे कमानी आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून सरळ खाली मारा करता येई. तोवर हे काम लाकडी सज्ज्यांनी भागवत आणि ते सज्जे पेटत. पश्चिम युरोपात दगडात केलेल्या अशा रचनेच्या सुरुवातीच्या नमुन्यांत शातो गायारचं नाव येतं. आज वरचा भाग पडलाय, उलटे आधार तेवढे दिसतात. पूर्ण बुरुजाची जी चित्रं पुस्तकांत छापतात, ती बहुतेक एकोणिसाव्या शतकातला वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक याच्या रेखाटनांवरून आलेली. चित्रं सुंदर आहेत, त्यातला बराच भाग तर्क आहे हे लक्षात ठेवून बघावी.

हे सगळं रिचर्ड धर्मयुद्धात शिकला का?

काही अंशी. 1191-92 मध्ये त्याने पूर्वेकडचे किल्ले बघितले, आक्राच्या वेढ्यात लढला, अस्कलोनची तटबंदी स्वतः उभी करवून घेतली. 1192 मध्येच मुस्लिम सुलतान सलाहुद्दीनशी झालेल्या तहात तीच तटबंदी पाडायची अट त्याला मान्य करावी लागली. कोटाच्या आत कोट ही कल्पना तिकडे मुरलेली होती. पण फ्रान्समध्येही गोल बुरुजांचे प्रयोग तेव्हा चालूच होते, आणि खुद्द फिलिप त्यात पटाईत होता. 'पूर्वेकडून उचललं' एवढ्यावर उत्तर संपवणं मला आळशीपणाचं वाटतं.

किल्ला एकटाच होता की आणखी काही?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण खरी मेख इथे आहे. नदीतल्या बेटावर वेगळा कोट होता. बेटापासून दोन्ही काठांना पूल. नदीच्या पात्रात लाकडी खांबांची तिहेरी रांग ठोकून नावांची वाट अडवलेली. काठावर तटबंदीचं नवं गाव, म्हणजे धाकटं आंदली, आणि त्याच्या मागे अडवलेल्या पाण्याचा तलाव. वरचा किल्ला हा या सगळ्या जाळ्याचा माथा. जाळं शाबूत असेपर्यंत किल्ल्याला नदीने रसद येणार, आणि रसद असेल तर किल्ला पडणार नाही. आणि गरज पडली तर सोडवायला बाहेरून सैन्य येणार, हे त्यात गृहीतच धरलेलं.

'भिंती लोण्याच्या असत्या तरी राखला असता' हे कोण म्हणालं?

गोष्ट अशी सांगतात: फिलिप म्हणाला, भिंती लोखंडाच्या असल्या तरी मी हा किल्ला घेईन. त्यावर रिचर्ड उत्तरला, भिंती लोण्याच्या असल्या तरी मी तो राखेन. वेल्सचा जेराल्ड या लेखकाने हे लिहून ठेवलंय, आणि तो रंगवून सांगण्यात वाकबगार होता. 'बघा माझी एक वर्षाची लेक किती सुंदर आहे' हे रिचर्डच्या तोंडी घातलेलं दुसरं वाक्य तर याहून कच्चं. दोन्ही मजेत सांगावीत, इतिहास म्हणून नव्हे.

रिचर्डला ते करून दाखवायची वेळच आली नाही. 6 एप्रिल 1199 रोजी लिमुझँ भागातल्या शालूच्या फुटकळ गढीसमोर लागलेल्या बाणाच्या जखमेने तो मेला. किल्ला पुरा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

एवढा मजबूत किल्ला मग पडला कसा?

रिचर्डनंतर धाकटा भाऊ जॉन गादीवर आला. त्याने 1200 मध्ये दुसऱ्याची वाग्दत्त वधू, आंगुलेमची इझाबेल, हिच्याशी लग्न केलं आणि एक बलाढ्य घराणं दुखावलं. प्रकरण फिलिपच्या दरबारी गेलं, जॉन हजर झाला नाही, आणि 1202 मध्ये फिलिपला त्याचा मुलूख जप्त करायला कायदेशीर कारण मिळालं. 1203 मध्ये जॉनच्या कैदेतला त्याचा पुतण्या आर्थर नाहीसा झाला. काकानेच संपवलं असं जो तो बोलू लागला. सरदार एकेक करून फुटले.

ऑगस्ट 1203 मध्ये फिलिप आंदलीला आला. त्याने आधी वरच्या किल्ल्याकडे बघितलंही नाही, खालचं जाळं तोडायला घेतलं. पोहणारे पाठवून नदीतले खांब उखडले, नावांचा पूल बांधला. जॉनने आपला सरदार विल्यम मार्शल याला सोडवणुकीला पाठवलं. बेत असा होता की रात्री जमिनीवरून सैन्याने छावणीवर तुटून पडायचं आणि त्याच वेळी नावांनी येऊन पूल तोडायचा, रसद पोचवायची. पण नदीच्या ओढीचा अंदाज चुकला. नावांना उशीर झाला. सैन्याने एकट्याने मार खाल्ला, उजाडल्यावर पोचलेल्या नावांनी वेगळा. मग मांतचा गोबेर नावाचा पट्टीचा पोहणारा बंद भांड्यांतून निखारे घेऊन बेटाकडे गेला आणि त्याने तिथलं लाकडी कुंपण पेटवलं. बेट पडलं, गाव पडलं, आणि गावातली माणसं जीव घेऊन वर किल्ल्यात पळाली.

फिलिपने वर दुहेरी खंदक खणला, त्यावर चौदा लाकडी मनोरे उभारले आणि वाट बघत बसला. आत किल्लेदार रॉजर द लेसी. 5 डिसेंबरला जॉन जहाजात बसून इंग्लंडला निघून गेला.

गावकऱ्यांचं काय झालं?

याचं उत्तर द्यायला जड जातं. आत आलेल्या गावकऱ्यांचा आकडा 1,400 ते 2,200 असा वेगवेगळा दिला जातो. शिबंदीसाठी भरलेलं धान्य एवढ्या तोंडांना पुरणारं नव्हतं. लेसीने पाचशेचे दोन जथे बाहेर सोडले, फ्रेंच सैनिकांनी दया येऊन त्यांना जाऊ दिलं. फिलिपला हे कळल्यावर त्याने हुकूम काढला की पुढे कुणालाही सोडायचं नाही. तिसरा जथा, किमान चारशे माणसं, बाहेर पडला तेव्हा समोरून बाण आले. मागे फिरले तर दरवाजे बंद. बायका, म्हातारे, पोरं त्या उतारावर, दोन सैन्यांच्या मधे, ऐन हिवाळ्यात अडकली.

गिल्योम ल ब्रेतों हा फिलिपचा स्वतःचा पुरोहित तिथे हजर होता. त्याने लिहिलेलं फिलिपच्या बाजूचंच आहे, तरी त्याने हे लपवलेलं नाही: लोकांनी गवत खाल्लं, किल्ल्यातून हाकललेली कुत्री खाल्ली, एका बाईला मूल झालं तेही खाल्लं गेलं. फेब्रुवारीत फिलिप स्वतः आला तेव्हा उरलेल्यांनी आक्रोश केला. त्याने त्यांना सोडायला आणि खायला द्यायला सांगितलं. इतक्या दिवसांच्या उपासानंतर अन्न पोटात गेल्यावर त्यांतले बरेच मेले. इतिहासात या लोकांना 'निरुपयोगी तोंडं' हे नाव पडलंय. हे नाव देणाऱ्याचं पोट नक्की भरलेलं असणार.

शत्रू संडासातून आत शिरला हे खरं का?

सगळ्यांना ही गोष्ट आवडते, त्यामुळे तीच टिकलीय. घडलं ते असं. फेब्रुवारी 1204 मध्ये फिलिपने त्या चिंचोळ्या मानेवर यंत्रं आणली, आणि पडकोटाचा खंदक भरायला घेतला. शिड्या तोकड्या पडल्या तेव्हा सैनिक खंजीर रोवत रोवत बुरुजाच्या पायाशी पोचले, पाया पोखरून लाकडांवर तोलला आणि लाकडं पेटवली. टोकावरचा बुरुज कोसळला. लेसी पडकोट जाळून मधल्या कोटात हटला.

मधल्या कोटाच्या कड्याकडच्या बाजूला जॉनने वर्षभरापूर्वी एक इमारत बांधून घेतली होती: वर प्रार्थनाघर, खाली कोठार, आणि तिथेच शौचकूपही. तिला बाहेरच्या अंगाला खिडकी ठेवलेली! पिएर बोजी नावाचा सैनिक सोबत्याच्या खांद्यावर चढून तिथपर्यंत पोचला आणि दोर टाकून बाकीच्यांना वर घेतलं. म्हणजे बखरीप्रमाणे वाट खिडकीची. संडासाच्या नळीतून सरपटत गेल्याची आवृत्ती पुढे लोकप्रिय झाली.

आत शिरलेल्यांनी मोठा गलका केला. शिबंदीला वाटलं शेकडो माणसं आलीत, म्हणून त्यांनी त्यांना कोंडून इमारतीला आग लावली. आग उलटी फिरली, आणि धुरामुळे शिबंदीलाच आतल्या कोटात पळावं लागलं. बोजी आणि सोबती तळघरात वाचले, बाहेर आले आणि उचलता पूल खाली टाकला.

उरला आतला कोट. तिथे खंदकावर सुटा पूल नव्हता, मूळ खडकच पुलासारखा ठेवला होता. त्याच खडकाच्या आडोशाने फिलिपच्या सुरुंग्यांनी भिंतीचा पाया पोखरला, मग मोठ्या यंत्राच्या धोंड्यांनी नागमोडी भिंतीला खिंडार पडलं. राहिलेले सुमारे दीडशे लोक मुख्य बुरुजात गेलेच नाहीत, बाहेरच वेढले गेले. 6 मार्च 1204. ज्या बुरुजाबद्दल एवढं लिहिलं जातं, त्याच्यासाठी लढाई झालीच नाही.

मग बांधणीत चूक होती का?

दोन चुका दाखवता येतात. खडकाचा पूल, आणि जॉनची खिडकी. पहिली रिचर्डची, दुसरी धाकट्या भावाची. पण सहा महिने एकट्याने तग धरणं हे त्या किल्ल्याचं यशच आहे. असा किल्ला शत्रूला अडकवून ठेवण्यासाठी असतो, तेवढ्यात राजाने मागून सैन्य घेऊन यायचं असतं. किल्ल्याने आपलं काम केलं. यायचं ज्याने होतं तो समुद्र ओलांडून गेला. लेसीच्या झुंजीचा फिलिपनेही मान राखला असं सांगतात, आणि तो सुटून पुढे यॉर्कशायरचा शेरीफ झाला.

24 जून 1204 रोजी रूआँने दरवाजे उघडले. नॉर्मंडी गेली. इंग्लिश खाडीतली तिची बेटं तेवढी इंग्लंडच्या राजाकडे राहिली, ती आजतागायत आहेत.

पुढे काय झालं?

किल्ला फ्रान्सच्या राजाकडे आला आणि बहुतेक काळ तुरुंग म्हणून वापरला गेला. 1314 मध्ये फिलिप चौथ्याच्या दोन सुनांना, बर्गंडीच्या मार्गरीत आणि ब्लांश यांना, व्यभिचाराच्या आरोपावरून इथे कोंडलं. त्याच वर्षी मार्गरीतचा नवरा राजा झाला, म्हणजे ती कोठडीत असतानाच फ्रान्सची राणी झाली! 1315 मध्ये ती इथेच मेली. गळा दाबल्याची वदंता आहे, पुरावा नाही. ब्लांश पुढे जोगीण झाली. 1334 ते 1341 स्कॉटलंडचा बालराजा दुसरा डेव्हिड इथे पाहुणा म्हणून राहिला, तो मात्र मानाने.

इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात किल्ल्याने बरेच धनी बघितले. 1419 मध्ये इंग्रजांनी तो घेतला तेव्हा विहिरीचे दोर झिजून तुटले आणि पाणी काढता येईना, म्हणून शिबंदीने हत्यार ठेवलं अशी हकीकत आहे. 1449 मध्ये तो कायमचा फ्रान्सकडे आला.

आज एवढा पडका का? फ्रेंच राज्यक्रांतीत पाडला का?

नाही, त्याच्या दोनशे वर्षं आधी आणि राजाच्याच हुकमाने. फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धांच्या धामधुमीत बंडखोरांनी तो राजा चौथ्या हेन्रीविरुद्ध धरून ठेवला होता, 1591 मध्ये मोठ्या वेढ्यानंतर तो पडला. पुन्हा असं कुणी ठाण मांडून बसू नये म्हणून नॉर्मंडीच्या प्रतिनिधींनीच किल्ला पाडण्याची मागणी केली आणि 1599 च्या सुमारास राजाने परवानगी दिली. आसपासच्या मठांनी दुरुस्तीसाठी तिथले दगड नेले. 1862 मध्ये तो राष्ट्रीय संरक्षित वास्तूंच्या यादीत गेला.

जायचं कसं, आणि काय बघायचं?

पॅरिसच्या सें-लाझार स्थानकातून रेल्वेने गायों-ओबव्हॉय स्टेशन, तिथून टॅक्सी. स्वतःची गाडी असेल तर बरं, कारण त्याच दिवशी जिव्हर्नीची मोने या चित्रकाराची बागही होते. हिवाळ्यात आतला भाग बंद असतो, बाहेरून मात्र हिंडता येतं. गावातून वर चढणारी पायवाट अंगावर येते, बूट चांगले हवेत.

चित्रकलेत रस असेल तर: निकोला पुसँ 1594 मध्ये इथल्या शेजारच्या वाडीत जन्मला, टर्नरने हा किल्ला रंगवला, आणि सिन्याकने 1886 मध्ये इथला नदीकाठ ठिपक्या-ठिपक्यांनी चितारला.

फोटो कुठून छान येतो?

गावातून वर बघून काढू नका, तिथून फक्त कडा दिसतो. गाडी घेऊन मागच्या पठारावर जा. तिथल्या वाहनतळाजवळ उभं राहिलं की चिंचोळी मान, पडकोट, मागे मुख्य बुरुज आणि खाली नदीचं अख्खं वळण एका चौकटीत येतं. सकाळचं ऊन पाठीशी असतं. फिलिपची दगडफेकी यंत्रं याच बाजूला होती, त्यामुळे किल्ल्याचा कोणता भाग सगळ्यात आधी नजरेत भरतो ते कॅमेरा लावायच्या आधी एकदा नुसतं उभं राहून बघा.